कपाटातला निबंध आणि वेशीवरची वही

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या अर्थशास्त्र विभागाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. दरवर्षी तपासून झालेली ट्युटोरियल्स सुतळीने बांधून त्यात ठेवली जातात आणि मुदत संपली की रद्दीत जातात. गेल्या वर्षी माझाही एक निबंध त्या कपाटात गेला. वीसपैकी सोळा गुण मिळाले. समासात तांबड्या शाईने ‘ठीक’ असा एक शब्द होता. सरांना मी दोष देत नाही. शंभरावर निबंध तपासणाऱ्या माणसाने आणखी काय लिहावे? परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. हे सारे आपण लिहितो ते कोणासाठी? ज्यांच्याविषयी लिहितो ते वाचत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी लिहितो ते एकदाच वाचतात, तेही गुण देण्यापुरते.

मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे आहे. आपण आपले अभ्यासाचे लेखन, निदान अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान या माझ्या दोन विषयांतले, इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येईल अशा जागी ठेवावे, आणि ते मराठीत ठेवावे. मात्र या मताला मी एक अट जोडते. ती अट मला कोणत्या पुस्तकात सापडली नाही, घरची बोलणी खाऊन कळली.

माझ्या निबंधाचा विषय होता ‘उचल : कर्ज की करार?’ माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर निघते, ती चैत्राच्या आसपास परतते. त्याआधी पावसाळ्यातच मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, रोख पैसे देतो. ती उचल. हंगामभर तोडलेल्या उसातून ती फिटायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि बाकीबरोबर माणूसही जातो. वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र काढताना मला सारखे वाटे, की आमच्या घरी कर्ज देणारा आणि काम देणारा एकच आहे. मग हा बाजार एक म्हणायचा की दोन? पुढे कृष्णा भारद्वाज यांचे नाव भेटले. शेतीतले जमिनीचे, कर्जाचे, मजुरीचे बाजार एकमेकांत गुंतलेले असतात आणि एका बाजारात दुबळा असलेला माणूस त्यामुळे दुसऱ्याही बाजारात दुबळा ठरतो, हे त्यांनी १९७४ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले आहे. वाचून वाटले, या बाई आमच्या ओट्यावर बसून गेल्या की काय!

तत्त्वज्ञानाच्या तासाला मिल शिकलो. १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने म्हटले आहे की, स्वातंत्र्याचे तत्त्व माणसाला आपले स्वातंत्र्य विकून टाकण्याची मुभा देऊ शकत नाही. मग आमच्या आण्णांनी अंगठा देऊन केलेला सौदा स्वखुशीचा म्हणावा काय? १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, आगाऊ पैशापोटी सक्तीने राबवून घेणे गुन्हा ठरला. परंतु उचल घेणारा तर स्वतःच्या पायांनी मुकादमाच्या दारी जातो! मग सक्ती शोधायची कुठे? एवढाच माझा निबंध.

हा निबंध लिहिताना एक इंग्रजी लेख मला हवा होता. मोबाईलवर त्याचा सारांश तेवढा दिसला. पुढे वाचायचे तर चाळीस डॉलर, म्हणजे सव्वातीन हजार रुपयांच्या वर. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर वाढून टनामागे साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. म्हणजे ऊसतोड मजुरावरचा एक लेख वाचायला त्या मजुराने नऊ-दहा टन ऊस तोडावा! बरे, हे पैसे लेख लिहिणाऱ्याला मिळतात असेही नाही. अशा नियतकालिकांत लेखकाला सहसा मानधन नसते. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली आणि तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये ठेवले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण ती सुरू झाली सरकारी संस्थांपासून. आमच्यासारख्या खाजगी संस्थेच्या कॉलेजातल्या मुलीच्या हाती त्या दाराची किल्ली आलेली नाही.

मला त्या वेळी हात दिला तो ज्यांनी आपले लेखन उघड्यावर ठेवले त्यांनी. ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात, त्यांत मराठी प्रबंधही आहेत. अर्थशास्त्रज्ञांत तर लेख छापून येण्यापूर्वीच कच्च्या स्वरूपात एकमेकांना वाचायला देण्याची जुनी चाल आहे. अशा लेखांची जगभरची सूची स्वयंसेवकांनी १९९७ पासून ‘रेपेक’ या नावाने चालवली आहे. तत्त्वज्ञानाच्या लेखांसाठीही अशी सोय आहे. या पंगतीत मी फुकट जेवले. मग आपल्या हातचा एखादा पदार्थ त्या पंगतीत वाढावा, मीठ थोडे कमीजास्त का असेना, असे मला वाटले तर त्यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याच्या लेखनाला कोण विचारतो? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. तो त्या खोलीतच राहिला असता तर? पण पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१८ साली त्यांनी एकाच अर्थशास्त्रीय नियतकालिकात दोन गोष्टी लिहिल्या : एक शेतीच्या लहान तुकड्यांवर आणि दुसरे बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकाचे परीक्षण. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन विषय एकत्र घेतले म्हणून मला हसणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

१९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेतच कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवले आहेत आणि तरीही ग्रंथाचे स्वागत केले आहे. गुरूने शिष्याशी मतभेद दाखवायचा, तोही चारचौघांत, आणि शिष्याने तो आपल्याच पुस्तकाच्या आरंभी छापायचा! समासातल्या ‘ठीक’पेक्षा हे किती वेगळे! आणि १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यांचे लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले आणि आज ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी ते वसतिगृहाच्या जिन्यात बसून मोबाईलवर वाचले. बाबासाहेबांशी बरोबरी सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच की, विचार खोलीबाहेर पडल्याशिवाय तो कोणाच्या उपयोगी पडला की नाही, हे कळायचेच नाही.

आता माझी हकीगत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो निबंध बोटाने टाइप करून इंटरनेटवर ठेवला. पंधरवड्यातच दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट चांगली. दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुलाचे पत्र आले. त्याचेही आईवडील तोडीलाच जातात. त्याने लिहिले : ‘ताई, तुमच्या हिशेबात खाडा कुठे आहे?’ आजारपणाने वा बाळंतपणाने कामाचा दिवस बुडाला की मुकादम दंड लावून तो उचलीत चढवतो, तो खाडा. हा शब्द ऐकतच मी लहानाची मोठी झाले. पण पुस्तकातले व्याजाचे सूत्र मांडण्याच्या नादात तोच विसरले होते. उचल किती दिवसांत फिटते हा माझा सारा हिशेब त्यामुळे चुकला होता. ही चूक सोळा गुण देणाऱ्या सरांना दिसली नव्हती आणि ते गुण मिरवणाऱ्या मलाही दिसली नव्हती. निबंध कपाटात राहिला असता तर चूकही कपाटात सुखाने राहिली असती.

दुसरी गोष्ट वाईट, आणि ती सर्वस्वी माझ्या हातून घडलेली. निबंध खरा वाटावा म्हणून मी त्यात आमच्या गावाचे नाव आणि आण्णांच्या उचलीचा आकडा घातला होता. मुकादमाचे नाव लिहिले नव्हते. पण आमच्या गावात मुकादम एकच. त्यांच्या नात्यातल्या कोणीतरी निबंध वाचला आणि चावडीपुढे मोठ्याने वाचून दाखवला. दिवस नेमके उचल वाटपाचे. आण्णा घरी आले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घरातली वही येशीवर टांगलीस. म्या कुणाचं किती देणं लागतो, ते आज साऱ्या गावानं आयकलं. तुला इचारावं वाटलं न्हाई?”

यावर मी काय बोलणार? मिलही आठवला नाही आणि भारद्वाजही आठवल्या नाहीत. त्या रात्री मी निबंध काढून टाकला. यंदा उचल मिळते की नाही, या काळजीत घर पंधरा दिवस होते. आण्णांना तीन खेपा घालाव्या लागल्या, मग मिळाली. माझ्या शिक्षणाची फी आणि वसतिगृहाचा खर्च त्या उचलीतूनच जातो, हे मला तेव्हा जेवढे टोचले तेवढे पूर्वी कधी टोचले नव्हते.

काही दिवसांनी आण्णाच म्हणाले, “काय लिवलं व्हतं, वाच बरं.” मी वाचले. आईही चुलीपुढून ऐकत होती. संपल्यावर आण्णा म्हणाले, “खाडा घातलास ते बरं केलं. पण वाढ्याचं काय? वाढं इकून आमचा आठवड्याचा बाजार व्हतो, ते कुठंय?” वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणारे ते जनावरांच्या वैरणीसाठी विकतात. मग वाढे ही मजुरी समजायची की वरकमाई? माझ्या अर्थशास्त्राला अजून त्याचे उत्तर देता आलेले नाही. त्या दिवशी मी गावाचे नाव आणि घरचा आकडा काढला, आण्णांना विचारले, आणि त्यांच्या होकाराने निबंध पुन्हा इंटरनेटवर ठेवला.

माझी अट ती हीच. निबंधातला विचार माझा, त्यातली चूक माझी. ती चारचौघांपुढे मांडण्याचा हक्क मला आहे. परंतु आण्णांच्या उचलीचा आकडा माझा नव्हे, तो आण्णांचा. आपण पहिल्या पिढीचे शिकणारे जेव्हा अर्थशास्त्र लिहितो, तेव्हा आपल्याजवळ दाखल्यांना तोटा नसतो, कारण सारे दाखले घरात असतात. म्हणूनच आपल्याला इतरांपेक्षा अधिक जपून लिहावे लागेल. ज्यांचे जगणे आपण मांडतो त्यांना आधी वाचून दाखवावे. मराठीत लिहा म्हणते ते याचसाठी. इंग्रजीत लिहिलेला निबंध मी आण्णांना वाचून दाखवूच शकले नसते, आणि वाढ्याचा प्रश्न मला कोणी विचारला नसता.

आता दोन आक्षेप. पहिला असा की, आपले लेखन कच्चे आहे, त्याने हसे होईल. होईल! पण कच्चे लेखन कच्चे म्हणून, वर्ग आणि तारीख लिहून ठेवावे; त्यात कमीपणा कसला? दुसरा आक्षेप चोरीचा. ‘भारतातील बेकारी’ हा एकच निबंध वर्षानुवर्षे हस्ताक्षर बदलून त्या कपाटात जातो, हे आपण सर्वजण जाणतो. आता तर यंत्राकडूनही निबंध लिहवून घेता येतो. चोरी अंधारातच अधिक सोपी. तारखेसह उघड्यावर असलेला निबंध पुन्हा आपला म्हणून देणे अवघड जाईल. आणि एखाद्याने घेतलाच, तर त्याने खाडा म्हणजे काय ते तरी वाचलेले असेल.

सर आणि मॅडम, आपणांसही एक विनंती. दरवर्षी प्रत्येक विषयाची पाच ट्युटोरियल्स, लिहिणाऱ्याची संमती घेऊन, कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावीत. त्याखाली आपले मतभेद लिहावेत. आणि आपणही आपल्या टिपणांची वही कधीतरी अशीच उघडावी. याला पैसे लागत नाहीत, थोडा संकोच सोडावा लागतो.

माझा निबंध कोणास हवा असल्यास मागून घ्यावा. खाड्याचा हिशेब दुरुस्त केला आहे. वाढ्याचा अजून जमलेला नाही. ज्यांना जमेल त्यांनी कळवावे.