मोफत तपासणीची किंमत

मालाडच्या स्वामी विवेकानंद मार्गावर असो वा लिंक रोडवर, श्रवणयंत्रांच्या दुकानावर 'मोफत तपासणी' ही पाटी हमखास आढळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'मोफत' हा शब्द नेहमीच खटकतो. येथे तर तो अधिकच खटकावयास हवा. कारण जो तपासतो तोच विकतो, आणि तपासणीचा खर्च यंत्राच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडून वसूल होतो. निवृत्त शिक्षक वा कारकून आपल्या ग्रॅच्युइटीतले पन्नास-साठ हजार रुपये या व्यवहारात घालतो आणि वर्षभरात ते यंत्र कपाटाच्या खणात जाऊन पडते, यात आता नवल राहिलेले नाही.

दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो, समजुतीचा असतो. बहिरेपणा म्हणजे आवाज लहान होणे, तेव्हा तो मोठा केला की काम भागले, असे धरून चालण्यात येते. कानात मळ साचला असेल वा पडद्याला छिद्र असेल, तर हे काही अंशी खरे. पण त्यावर बहुधा उपचार असतो, म्हणूनच दुकानाआधी कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जावयाचे. (एखाद्या कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर त्याच दिवशी जावे.) वयोमानाने वा गोंगाटाने येणारा बहिरेपणा निराळा. त्यात अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात व त्या पुन्हा येत नाहीत. उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. त्यामुळे स्वर शाबूत राहतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने हरवतात. भाजीवाली 'साठ' म्हणते, आजोबांना 'आठ' ऐकू येते, आणि घरचे म्हणतात, 'सोयीचे तेवढे बरोबर ऐकतात!' गिरणीच्या साचेखात्यात उमर घालवून उपनगरांत राहावयास आलेल्या कामगारांच्या कित्येक घरांत ही थट्टा झाली असेल. गोंगाटाने आलेल्या बहिरेपणाची गणना कायद्याने व्यवसायजन्य रोगांत केली. घराने ती स्वभावदोषांत केली.

तेव्हा प्रत्येक पट्टीचा आवाज हव्या तेवढ्याच प्रमाणात वाढवणे आणि मोठा आवाज असह्य होऊ न देणे, हे यंत्राचे खरे काम होय. ही जुळणी ऑडिओग्राम पाहून, दोन-चार भेटींत करावी लागते. शिवाय मेंदूलाही नव्या आवाजाची सवय व्हावयास काही आठवडे लागतात. म्हणजे गिऱ्हाइकाला हवी असते ती सेवा, आणि विकली जाते ती वस्तू, तीही 'चॅनेल'ची संख्या मोजून. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे: मालाचे गुण विकणाऱ्यालाच ठाऊक असले, तर चांगला माल बाजारातून हुसकला जातो. श्रवणयंत्रांचा बाजार याहून फारसा वेगळा नाही. यंत्रांवर वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे चढ्या किमतीचे खापर त्या करावरही फोडता येत नाही.

तपासणी आणि विक्री यांची फारकत हाच यावरील उपाय. मालाडकरांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्याला, म्हणजे धीम्या गाडीने आठव्या स्थानकावर आहे. तेथे तपासणी करून ऑडिओग्राम हाती घेतलेला माणूस दुकानात शिरला, की बोलणे निराळ्या पायरीवर सुरू होते.

सरकारी साह्याची कथा मात्र मध्यमवर्गीयांना निराश करणारी आहे. 1981 पासूनची केंद्राची साहाय्यक उपकरणांची योजना 40 टक्के अपंगत्वाचा दाखला व उत्पन्नाची मर्यादा यांवर अवलंबून आहे. 2016 च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढे दोष असल्याखेरीज माणूस 'कर्णदोषी' ठरत नाही. साधे संभाषण मुळात सुमारे 60 डेसिबलचे असते! 50 डेसिबल गमावलेल्या शिक्षकाला वर्गातल्या मागच्या बाकावरचा प्रश्न कळत नाही, पण कायद्याच्या लेखी तो धडधाकट. लॅन्सेटच्या तज्ज्ञमंडळाने 2017 पासून श्रवणदोषाला स्मृतिभ्रंशाच्या टाळण्याजोग्या कारणांत गणले आहे. त्या दृष्टीनेही ही रेषा खाली आणण्याचा विचार व्हावयास हवा.

तोवर निदान बिलाचा नमुना तरी बदलावा. तपासणीचे किती, यंत्राचे किती, जुळणीचे व पुढील भेटींचे किती, हे तीन आकडे वेगवेगळे लिहून देण्याची सक्ती विक्रेत्यांवर असावी. पंधरा दिवसांची चाचणीही द्यावी. ती दुकानाच्या शांत खोलीत नव्हे, तर मालाड स्थानकाच्या फलाटावर आणि घरच्या जेवणाच्या वेळी.