पवनचक्की ढग पळविते काय?



साताऱ्याहून ठोसेघरचा घाट चढून गेले की चाळकेवाडीचे विस्तीर्ण पठार लागते, आणि त्यापुढे पाटण तालुक्यातील वनकुसवडे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच अशा या माळावर शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. गेल्या आषाढात त्या पाहण्याचा योग आला. वारा एवढा की छत्री उघडण्याची सोय नव्हती. तेथे एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "फादर, ह्या पात्यांनी ढग पळत्यात म्हनं, खरं का?" दुष्काळाच्या वर्षांत सातारा-सांगलीकडे ही समजूत फार पसरली होती. आपल्या बेळगाव जिल्ह्यातही सौंदत्तीच्या डोंगरांवर चक्क्या आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार करू.

प्रथम चक्कीचे कार्य पाहू. वारा पात्याला नुसता ढकलीत नाही. पात्याची घडण पक्ष्याच्या पंखासारखी असते. वारा त्यावरून वाहताना एका अंगाचा दाब कमी होतो व पाते तिकडे ओढले जाते. मोठ्या चक्कीची पाती मिनिटाला पंधरा-वीसच फेरे घेतात. पुष्कळ चक्क्यांत माथ्यावरील पेटीतली दंतचक्रे ही गती सुमारे दीड हजार फेऱ्यांपर्यंत वाढवितात. त्यायोगे जनित्र फिरते व वीज निर्माण होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. म्हणून अशी उंच पठारे निवडतात. वेग ताशी ९० किलोमीटरांच्या आसपास गेला, की बहुतेक चक्क्या आपणहून थांबतात.

आता ढगांविषयी. पंखा वारा घालतो. चक्की वारा घेते. म्हणजे ती कशाला ढकलण्याचा प्रश्नच नाही. आणि घेते तेही थोडेच. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी सुमारे १०० वर्षांपूर्वी दाखवून दिले, की चक्कीला आपल्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्याची ५९ टक्क्यांहून अधिक शक्ती घेता येत नाही. सगळी घेतली, तर मागे वारा तुंबेल आणि नव्याला वाटच उरणार नाही. शिवाय मोसमी वाऱ्याचा प्रवाह काही किलोमीटर उंचीचा. चक्की त्याच्या अगदी तळाशी. माण-खटावचा पाऊस सह्याद्रीच अडवितो. १९७२ च्या भीषण दुष्काळात या पठारावर एकही चक्की नव्हती!

तथापि, खोट्या भीतीमुळे खरे प्रश्न मागे पडतात, ही खरी हानी होय. उद्या कोणी तुमच्या माळावर चक्कीसाठी जागा मागितली, तर ढगांची चिंता करू नका, कागद पाहा. तो भाडेपट्टा आहे की खरेदीखत? मुदत किती वर्षांची? रस्त्यासाठी किती जमीन जाणार? चक्की घरापासून किती अंतरावर? आणि ती निकामी झाल्यावर उतरवून जमीन पूर्ववत कोण करून देणार? हे सर्व जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि मगच अंगठा वा सही करावी.