पडद्यावरचे सरोवर

इंदुरातील जुन्या मराठी घरांतले आल्बम उघडून पाहावेत. पगडी घातलेले आजोबा खुर्चीत बसलेले, आजी शेजारी उभी, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. त्यावर कठडा, सरोवर आणि कोठलेसे डोंगर. ज्या माळव्यात ही घराणी दोनशे-अडीचशे वर्षे नांदली, तो माळवा त्या आल्बमांत जवळजवळ नाहीच. सोयाबीन येण्यापूर्वी, म्हणजे १९७० च्या दशकाआधी, इकडची बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून पुढे गहू-हरभरा घेत. श्रावणातले ते रिकामे, ओले, काळे शिवार कसे दिसत असे, हे नातवाला दाखवायचे म्हटले तर बहुतेक घरांतून एकही चित्र निघणार नाही.

त्या पिढीच्या हाती कॅमेरा नव्हता, हे कारण ग्राह्य आहे. आजच्या पिढीला ते सांगता येणार नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आणि तरीही निसर्गाचे छायाचित्रण शिकू पाहणारा तरुण आधी हप्त्यांवर महागडा कॅमेरा घेतो आणि मग लडाखची तिकिटे काढतो. २००९ साली ‘थ्री इडियट्स’ आला आणि पँगाँग सरोवर घरोघरी ठाऊक झाले. तेव्हापासून तेच निळे पाणी आणि तेच करडे डोंगर आम्ही इतक्या वेळा पाहिले आहेत, की घेणाऱ्याचे नाव झाकले तर चित्र कोणाचे हे त्याच्या आईलाही ओळखता येऊ नये. आजोबांच्या मागे सरोवराचा पडदा होता. नातू अर्धा देश ओलांडून त्या पडद्यापुढे जाऊन उभा राहिला, इतकाच फरक.

नवशिक्याला हा मार्ग दाखवणारे त्याचे नुकसान करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. या कलेत शिकण्यासारखी मुख्य गोष्ट एकच : उजेड जमिनीचे काय करतो. ती चार दिवसांच्या सहलीत कळत नाही. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार १९१६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, आई-वडिलांनी दिलेला साधा डबा-कॅमेरा घेऊन योसेमिटीच्या खोऱ्यात प्रथम गेला. पुढे तो तेथे वर्षानुवर्षे जात राहिला. ज्या चित्राने त्याला स्वतःची वाट सापडली, ते हाफ डोम या कड्याचे ‘मोनोलिथ’ १९२७ च्या एप्रिलमधले. मध्ये अकरा वर्षे गेली होती. त्या दिवशी पिवळी काच लावून एक चित्र घेतल्यावर आकाश फिके येईल हे त्याला जाणवले, आणि उरलेली एकच प्लेट त्याने गडद लाल काच लावून वापरली. आकाश जवळजवळ काळे आले, कडा पुढे आला. तो निर्णय कॅमेऱ्याने घेतला नव्हता.

परदेशी उदाहरण नको असेल तर आमच्या इंदूरचे घ्या. राजा दीनदयाळ १८६६ साली येथे बांधकाम खात्यात नोकरीस आले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे हैदराबादेत निजामाच्या दरबारी त्यांना मोठे नाव मिळाले; पण हात बसला तो मध्य भारतातल्या वास्तू आणि मुलूख टिपताना, नोकरीच्या गावी.

‘इथे आहे काय घेण्यासारखे? सपाट जमीन, विजेच्या तारा आणि होर्डिंगे!’ हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी महूच्या दक्षिणेला, अहिल्याबाईंच्या काळच्या जाम दरवाजापर्यंत एकदा जावे. तेथे माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि खाली निमाड पसरलेले दिसते. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की सकाळी उजेड डावीकडून येतो, संध्याकाळी उजवीकडून. त्या तिरप्या उजेडात डोंगरांच्या घड्या उमटतात आणि भर दुपारी त्याच घड्या पुसून जातात. वैशाखात आकाश पांढरेफटक असते, म्हणून क्षितिज चित्रात वर घ्यावे आणि जमिनीला जागा द्यावी. श्रावणात ढग दरीतून वर चढतात, तेव्हा क्षितिज खाली घ्यावे. फाल्गुनात उतारावर पळस फुलतो. एकाच जागी वर्षभरात दहा-बारा फेऱ्या केल्या की हे डोळ्यांना आपोआप कळू लागते. बडोदेकरांना विश्वामित्रीची कोतरे आहेत, ग्वाल्हेरकरांना चंबळच्या घळी. हैदराबादकरांनी तर घाई करावी. त्यांच्या ग्रॅनाइटच्या शिळा इमारतींखाली भराभर नाहीशा होत आहेत.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फोन पुरे. कॅमेरा असल्यास त्याच्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स पुरे. नव्या लेन्सऐवजी बळकट तिपाई घ्यावी. आयएसओ १०० आणि छिद्र एफ-८ ते एफ-११ ठेवावे. छिद्र त्याहून फार बारीक केले तर विवर्तनामुळे चित्राची धार उलट कमी होते.

संगणकावर चित्र संस्कारित करण्याला आमचा विरोध नाही. अ‍ॅडम्सही अंधारखोलीत एकेका प्रतीवर कष्ट घेत असे. पण २०२० पासून फोटोशॉपमध्ये आकाश अख्खे बदलता येते, आणि जामच्या दरीवर नॉर्वेचे आकाश चिकटवलेली चित्रे आम्हांला कौतुकाने दाखवली जातात. हा पुन्हा स्टुडिओतला पडदाच झाला.

गणेशोत्सवातल्या छायाचित्र-स्पर्धांतही बक्षीस बहुधा हिमशिखराला जाते. आमची सूचना अशी की एक बक्षीस असे ठेवावे, ज्यासाठी गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा एकाच जागेची बारा महिन्यांची बारा चित्रे मागवावीत. प्रत्येकाच्या मागे जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली असावी. माळव्यातल्यांनी पहिली फेरी मृग लागण्यापूर्वी करावी. एकदा पाऊस पडला की काळ्या जमिनीच्या भेगा पुढल्या उन्हाळ्यापर्यंत पाहायला मिळत नाहीत.