पेमबाईंचा टेलिव्हिजन

टीव्ही कुणी शोधून काढला, असं मुलांनी विचारलं की आपण ‘बेअर्ड’ म्हणून मोकळ्या होतो. शाळेत तेच घोकलेलं असतं ना! ते खोटं नाही. स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये जाणत्या मंडळींना हलतं चित्र दाखवलं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रात टोपीचा खोका, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं असलं सामान होतं म्हणे! पण त्यात भोकं पाडलेली तबकडी गरगर फिरायची, आणि तबकडी फिरून फिरून किती फिरणार? आपल्या घरात जो टीव्ही आला त्याची वाट निराळी, आणि त्या वाटेवर एका गृहिणीची पावलं आहेत.

फायलो फार्न्सवर्थ हा अमेरिकेतल्या आयडाहोमधला शेतकऱ्याचा पोर. १४ वर्षांचा असताना शेतातल्या तासांकडे बघून त्याला सुचलं, की चित्रसुद्धा असंच ओळीओळीनं पाठवता येईल. आपण पुस्तक वाचतो ना, एक ओळ संपली की खालची, अगदी तसं. मात्र हे काम चाकानं नव्हे, विजेच्या कणांनी करायचं, तेही इतक्या झपाट्यानं की डोळ्यांना सलग चित्रच दिसावं. १९२२ साली त्यानं शाळेतल्या टॉलमन मास्तरांना आकृती काढून दाखवली.

१९२६ च्या मे महिन्यात त्याचं पेमशी लग्न झालं. तो १९ वर्षांचा, ती १८ ची. लग्नाच्या रात्रीच त्यानं सांगितलं, माझ्या आयुष्यात आणखी एकजण आहे, टेलिव्हिजन तिचं नाव! (ही आठवण पेमबाईंनीच पुढे सांगितली.) आपल्यातली एखादी सरळ माहेरी निघून गेली असती. पेमनं मात्र सवतीलाच हाताशी धरलं. नळीतले बारीक भाग जोडायला ती शिकली, आराखडे काढू लागली, प्रयोगांच्या नोंदी ठेवू लागली. तिचा भाऊ क्लिफ काचेच्या नळ्या फुंकायचा. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पडद्यावर चित्र उमटलं. चित्र कसलं, एक रेघ! १९२९ साली पेमचाच चेहरा दिसला, दिवे इतके प्रखर की डोळे मिटलेलेच.

पुढचं सगळं पैशांचं आणि वकिलांचं. आरसीए ही बलाढ्य कंपनी आडवी आली. टॉलमन मास्तर साक्षीला उभे राहिले आणि १९३४ साली पेटंट कचेरीनं फार्न्सवर्थच्या बाजूनं निकाल दिला. १९३९ साली कंपनीला त्याला पैसे द्यायचं कबूल करावं लागलं. पण लगेच युद्ध आलं, टीव्ही संच बनवणं बंद झालं आणि १९४७ साली मुख्य पेटंटांची मुदतच संपली. संच धडाधड खपू लागले ते त्यानंतर. नशीब म्हणतात ते हेच.

२० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरलेला माणूस दोघांनी घरी टीव्हीवर पाहिला. सगळ्या कष्टांचं चीज झालं, असं तेव्हा तो तिला म्हणाला. ११ मार्च १९७१ रोजी तो गेला. आपल्या मुंबईत दूरदर्शन आलं ते २ ऑक्टोबर १९७२ ला.

पेमबाई मागे ३५ वर्षं जगल्या आणि नवऱ्याचं नाव लोकांपुढे आणत राहिल्या. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये १९९० साली त्याचा पुतळा उभा राहिला, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला. २००६ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या वारल्या. २०२४ साली त्या पुतळ्याच्या जागी मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टरबाईंचा पुतळा आला.