मागे सरणारी पावले

खेळात पुढे धावणाऱ्याचे कौतुक सर्वांनाच असते. मागे सरणारा गडी दिसला की आपण त्याला भित्रा ठरवून मोकळे होतो. ही समजूत किती चुकीची आहे, हे अमेरिकन फुटबॉलमधील पिछाडीच्या रक्षकाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

या खेळाचे नाव फुटबॉल असले, तरी त्यात चेंडू बहुधा हातांनीच फेकतात व झेलतात. दोन गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे मैदान आणि प्रत्येक बाजूस ११ खेळाडू. चेंडू झेलण्यासाठी सुसाट सुटलेल्या गड्याला अडविणे हे पिछाडीच्या रक्षकाचे काम. पुढल्या फळीतील गडी चुकला, तर सावरावयास मागे सोबती असतात. याच्यामागे पुष्कळदा कोणीच नसते. एक पाऊल चुकले की प्रतिपक्षाच्या पदरात ६ गुण पडले!

शिवाय कोठे वळावयाचे हे झेलणाऱ्याला आधीच ठाऊक असते. रक्षकाला ते पाहून ओळखावे लागते. म्हणून तो प्रतिस्पर्ध्याकडे तोंड ठेवून उलट धावतो. गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढे झुकलेली, पावले आखूड व जमिनीलगत आणि अंगाचा भार चवड्यांवर. भार टाचांवर गेला की शरीर मागे कलते आणि वळण्यास क्षणभर उशीर होतो. प्रतिस्पर्धी थांबून वळला, तर एक पाय रोवून त्याच्या रेट्याने पुढे झेपावयाचे. तो सरळ निसटू लागला, तर कंबर फिरवून त्याच्यासंगे धावावयाचे. नजर त्याच्या कमरेवर हवी. डोके व खांदे हुलकावणी देतात. कंबर सहसा फसवीत नाही.

कोणी म्हणेल, अंगात बळ असले म्हणजे पुरे. त्यांनी पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा मेल ब्लंट आठवावा. झेलणाऱ्याला धक्के देऊन रोखण्यात या धिप्पाड रक्षकाचा हातखंडा होता. १९७८ साली तेथील व्यावसायिक संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगने नियम बदलला. पहिल्या ५ यार्डांपुढे असे रोखणे वर्ज्य ठरले. हा नियम ब्लंटच्याच नावाने ओळखला जातो. केवळ बाहुबळावर विसंबणारा गडी येथेच संपला असता. ब्लंट मात्र १९८३ पर्यंत खेळला. १९७८ व १९७९ या दोन्ही हंगामांत त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले आणि १९८९ साली तो प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. नियमाने हात बांधले, तरी पायांची विद्या कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा खेळ आपल्या शाळेत नाही; पण हुतूतू आहे. चढाई करणारा आला की आपणही मागे सरतो. ते सरणे आपण कधी शिकतो का? सामने जवळ आले की आपण थेट डाव मांडतो. पायांची तयारी करणारा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच! त्या सरावात मौज नाही, हे खरे. त्याला टाळ्याही पडत नाहीत. तरी माझे स्पष्ट मत आहे की, रोजच्या खेळाच्या तासातील पहिली दहा मिनिटे केवळ पावलांसाठी राखून ठेवावी. तोल सांभाळून दोन पावले मागे घेणाराच वेळ येताच नेमके पुढे झेपावतो. पळपुट्यात आणि त्याच्यात हाच भेद आहे.