वाहन काढताना आभाळ बघतं कोण?

मिरग तोंडावर आला की औसा-निलंग्यापासून मुखेड-देगलूरपर्यंत कृषी सेवा केंद्राच्या बाकावर एकच विषय: यंदा पावसाच्या नक्षत्राचं वाहन कोणतं? म्हैस निघाली की सोयाबीनच्या बॅगा भराभर उचलल्या जातात, मेंढा निघाला की हात आखडतो. सहायक कृषी अधिकाऱ्यानं यावर नुसतं हसावं, हे आम्हाला पटत नाही. पण आभाळ बघून बांधलेल्या आडाख्यांच्या पंगतीत वाहनाला बसवणंही बरोबर नाही.

वाहन काढताना कोणी मान वर करतच नाही. सूर्य नव्या नक्षत्रात शिरताना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं. बाकी तीन उरली तर बेडूक, चार मेंढा, सात म्हैस, शून्य उरलं तर हत्ती. झालं! हा भागाकार औशाला आणि किनवटला एकच उत्तर देतो; पाऊस देत नाही.

चंद्राच्या खळ्याचं तसं नाही. खळं लांब पडलं तर पाऊस जवळ, चिकटून पडलं तर पाऊस लांब, असं जुनी माणसं सांगतात. हात ताणून अंगठा चंद्रावर धरा. करंगळी कड्याला टेकली, तर ते सुमारे २२ अंशांचं खळं. फार उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फकणांमुळे पडलेलं. बंगालच्या उपसागरातला कमी दाब इकडे सरकतो तेव्हा असे ढग पुष्कळदा त्याच्या पुढे येतात. चिकटलेलं लहान वलय मात्र पाण्याच्या बारीक थेंबांचं. त्यामागे पाऊस असेलच असं नाही. लांब-जवळचा हा भेद पिढ्यांनी नजरेनं टिपलाय, दुर्बिणीशिवाय. अर्थात थंडीतही लांबचं खळं पडतं आणि सकाळी लख्ख ऊन असतं.

शिवाय खळं सांगून सांगणार दिवस-दोन दिवसांचं. पेरणीला तेवढं पुरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला जमिनीतल्या ओलीचा आहे. वाहन हत्ती असो की उंदीर, हा सल्ला मोडला आणि पावसानं खंड दिला की दुबार पेरणी आलीच.

वाचकांपैकी जे गावोगाव फिरतात, त्यांनी या हंगामात एवढं करावं: खळं दिसलेली रात्र, ते वीतभर की चिकटून, आणि पुढच्या दोन दिवसांत आपल्या महसूल मंडळात पडलेला पाऊस लिहून पाठवावा. शेजारी वाहनाचाही रकाना ठेवा. दसऱ्यानंतरच्या अंकात सगळ्या नोंदी छापू, चुकलेल्यासुद्धा.