अभिरूप न्यायालयातील बांध

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शिवारात खेळू लागले की जमिनीचे मोल वाढते, आणि जमिनीचे मोल वाढले की बांधावरची वीतभर मातीही भाऊबंदांना कचेरीत खेचू लागते. सोलापूर-धुळे महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या गावातून जी मुले कायद्याच्या शिक्षणार्थ जालन्यास वा छत्रपती संभाजीनगरास जातात, त्यांनी ऊस तोडून झाल्यावरही वाहनास वाट न मिळाल्याने अंबडच्या तहसील कचेरीत तारखांमागून तारखा मोजणारे शेतकरी लहानपणापासून पाहिलेले असतात. आणि तरीही महाविद्यालयाच्या अभिरूप न्यायालयात त्यांच्या वाट्यास येणारे प्रकरण पुष्कळदा असते ते दोन कल्पित राष्ट्रांतील सागरी सीमेचे!

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत विद्यार्थ्याने वर्षाकाठी किमान तीन अभिरूप खटले चालवावेत, आणि प्रत्येकाच्या दहा गुणांपैकी पाच लेखी निवेदनास व पाच तोंडी युक्तिवादास द्यावेत, अशी योजना आहे. योजना उत्तमच, परंतु स्पर्धांच्या समारंभात टाळ्या पडतात त्या वक्तृत्वाला, आणि लेखन हा स्पर्धेचा प्रवेशअर्ज समजून आदल्या रात्री उरकला जातो.

या लेखनाचे मोल वाटेच्या तंट्यात कळते. वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये दावा लावावयाचा, आणि वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून नवी वाट मागावयाची. हा विवेक सुटून ‘पूर्वापार रस्ता बंद केला असून नवीन रस्ता द्यावा’ असे एकाच अर्जात लिहिले, म्हणजे प्रतिपक्षाच्या वकिलास वेगळ्या कैफियतीचे श्रमच उरत नाहीत. शिवाय कलम ५ चा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. म्हणून गट क्रमांक, चतुःसीमा आणि अडथळ्याचा दिनांक या तीन रुक्ष गोष्टी पानभर अलंकारिक प्रस्तावनेहून अधिक मोलाच्या ठरतात. फेरफाराच्या नोंदीशी हे सारे ताडून पाहण्याची सवय एखाद्या निष्णात वक्त्यासही आपोआप लागत नाही.

इंग्रजीवाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निभाव लागणार नाही, हा मराठी लेखनाच्या सरावावरचा आक्षेप यथार्थ आहे, आणि इंग्रजी युक्तिवादाचा सराव कमी करावा, असे माझे म्हणणे नाही. तथापि तालुक्याच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे शासनाने १९९८ सालीच अधिसूचित केले. खंडपीठापर्यंत पोहोचणाऱ्या कित्येक प्रकरणांचा पहिला कागद तालुक्यात मराठीतच लिहिला जातो, आणि त्या कागदातील उणीव पुढे विद्वत्तेने झाकणे दुरापास्त होते.

तेव्हा महाविद्यालयांनी वर्षातून एक तरी अभिरूप खटला वडीगोद्रीच्या ग्रामपंचायतीत भरवावा, वादविषय वाटेचा घ्यावा, नावे अर्थातच कल्पित ठेवावीत, निवृत्त नायब तहसीलदारास न्यायासनावर बसवावे, आणि बांधाचे तंटे भोगलेल्या शेतकऱ्यांना समोर बसवून ‘हे वाचून काय कळले?’ असे खुशाल विचारावे. गुणदान माझ्याकडे असते, तर दावा मुदतीत आहे हे ज्याच्या कागदावरून दिसत नाही, त्या विद्यार्थ्यास मी तोंडी युक्तिवादासाठी उभेच राहू दिले नसते.